तोड एक दिवस थांबली, त्याचं काय?

जुन्नर तालुक्यात उसाची तोड सुरू झाली की वनरक्षकांच्या फोनला उसंत नसते. कोयता चालत असतो, पाचट बाजूला सरकतं आणि मध्येच बिबट्याची ठिपक्यांची पिल्लं दिसतात, डोळेही न उघडलेली. कधी दोन, कधी तीन. टोळी काम टाकून बांधावर येते, मोबाइल निघतात, आणि पुढच्या दोन-तीन तासांत माणसं कशी वागतात त्यावर त्या पिल्लांचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

माझी धाकटी बहीण पशुवैद्यक आहे. जखमी, पोरक्या वन्यप्राण्यांवर उपचार करायचे आणि जमेल तेव्हा त्यांना परत सोडायचं, हेच तिचं काम. माझी आत्या ओतूरच्या बाजूला ऊस आणि टोमॅटो घेते. आतोबा गेल्यापासून शेतीचा सगळा कारभार तिच्या हातात आहे. गेल्या हंगामात तिच्याच फडात बिबट्याची पिल्लं निघाली. तोड थांबली, बहिणीने पिल्लं तपासून परत तिथेच ठेवली, रात्रीतून आई पिल्लं घेऊन गेली, तोड पुन्हा सुरू झाली. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण आत्याच्या मनातून ती गेली नव्हती. उन्हाळ्यात दोघी एकत्र आल्या तेव्हा तिने विषय काढलाच. त्यांचं बोलणं मी इथे देतो आहे. दोघींपैकी कुणाचीही बाजू पोकळ नाही, म्हणून ते लिहावंसं वाटलं.

आत्या : आधी मला एक सांग. पिल्लं तुमच्या हातात आली होती ना? मग घेऊन का नाही गेलात? परत माझ्याच शेतात ठेवलीत. उद्या ती मोठी होऊन माझ्याच शेळ्या नेणार.

बहीण : नेली असती तर त्यांची आई तुझ्या शेतातून हलली नसती, आत्या. पिल्लं हरवलेली मादी त्या जागेभोवती फिरत राहते. चिडलेली असते, घाबरलेली असते. तू पहाटे धारा काढायला गोठ्यात जातेस. तिथे तशी मादी फिरत असलेली तुला चालली असती?

आत्या : पण ती होती कुठे? सकाळपासून टोळी फडात होती, कुणाला दिसली नाही. टाकूनच गेली असणार, असं सगळे म्हणत होते.

बहीण : सगळे तसंच म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. बिबट्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्ध्या किलोच्या आसपास असतं. आठ-दहा दिवस डोळे उघडत नाहीत. आईला शिकारीला जावंच लागतं, मग ती त्यांना दडवून जाते. जागा धोक्याची वाटली की मानेला धरून एकेक करत दुसरीकडे हलवते. दिवसा माणसांचा गलका झाला तर ती लांब दबून बसते. आपल्याला पिल्लं एकटी दिसतात, म्हणून ती पोरकी ठरत नाहीत. आपण उचलून नेली की मात्र खरोखर पोरकी होतात.

आत्या : आणि माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही म्हणतात, ते?

बहीण : खोटं आहे. तुझ्या फडातल्या पिल्लांना मी हातात घेतलं होतं. वजन केलं, नर-मादी बघितली, गोचीड काढले, अंगात पाणी कमी झालंय का ते तपासलं, कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवली. तरी ती घेऊन गेलीच ना? महाराष्ट्रात आजवर अशी शंभराहून जास्त पिल्लं आईकडे परत गेली आहेत. घरट्यातून पडलेल्या चिमणीच्या पिल्लाचंही तेच. उचलून घरट्यात ठेवावं. आईबाप त्याला भरवतात.

इथे थोडं थांबून ते काम कसं चालतं हे सांगायला हवं, कारण ते फार साधं आहे आणि त्या साधेपणातच त्याची ताकद आहे. पिल्लं जिथे सापडली तिथेच, शक्य तितकी जवळ, संध्याकाळी ठेवायची. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो ज्यातून जातात त्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली तरी चालतात, कारण मादी ते सहज पाडू शकते. समोर हालचाल टिपणारा कॅमेरा बांधायचा आणि मग सगळ्यांनी निघून जायचं. हे निघून जाणं सगळ्यात अवघड. गावातली पोरं थांबू पाहतात, कुणाला व्हिडिओ हवा असतो, एखादा पुढारी गाडी घेऊन येतो. जितकी माणसं तितकी मादी लांब राहते. पहिल्या रात्री आली नाही तर पिल्लांना दूध पाजून दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचं.

कधी कधी क्रेटपर्यंत जायची वेळच येत नाही. बिबट्याची म्हणून आणलेली पिल्लं रानमांजराची निघतात, नाहीतर वाघाटीची. वाघाटी हे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेलं जनावरही दीड किलोच्या पुढे क्वचित जातं. तिची पिल्लं ठिपक्यांमुळे ‘बिबट्या’ ठरतात आणि गोणत्यात भरून तालुक्याला पोचतात. आणणारा माणूस भल्या मनाने आणतो, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. फक्त त्याने आधी १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन केला असता तर पिल्लं आईपासून तुटली नसती.

आत्या : बरं, आई खरंच मेली असेल तर? गाडीखाली आली, विहिरीत बुडाली?

बहीण : मग माझं सगळ्यात वाईट काम सुरू होतं. पहिली अडचण दुधाची. गाईचं दूध पाजलं की हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला तेवढीच पुरते. लोक पिल्लाला बाळासारखं उताणं धरून बाटली लावतात, दूध फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. हे सगळं निभावलं तरी पुढचं राहतंच. बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर असतं. शिकार कशी करायची, कुणापासून लांब राहायचं, रस्ता कधी ओलांडायचा, हे सगळं तिच्याकडून येतं. मी त्यातलं काही शिकवू शकत नाही. उलट मी जे शिकवते ते घातक असतं. माणूस आला की खायला मिळतं, हे ते माझ्याकडून शिकतं.

आत्या : मग हेमलकशाला कसं जमलं? आमटे डॉक्टरांच्या अंगाखांद्यावर बिबटे खेळलेले मी बघितलेत. टीव्हीवर.

बहीण : ते बिबटे जंगलात सोडायचे नव्हतेच, आत्या. भामरागडच्या जंगलात माडिया आदिवासी शिकार करायचे ती पोटासाठी. मारलेल्या माकडिणीच्या अंगाला चिकटलेलं जिवंत पिल्लू प्रकाश आमट्यांनी बघितलं आणि ते मागून घेतलं. पुढे लोक अशी पिल्लं त्यांच्याकडे आणायला लागले आणि बदल्यात धान्य न्यायला लागले. ती पिल्लं तिथेच वाढली, तिथेच म्हातारी झाली.

आत्या : म्हणजे तुझ्या हिशेबाने ते चुकलं?

बहीण : नाही. तिथे दुसरा पर्यायच नव्हता. पण आज ज्याला पिल्लू सापडतं तो मनाशी म्हणतो, मीही आमट्यांसारखं वाढवीन. तो घरी ठेवतो, फोटो टाकतो. कायद्याने तो गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या जनावराचा परतीचा रस्ता बंद होतो.

माझं मत बहिणीहून थोडं वेगळं आहे. हेमलकशाकडे बघताना आपण पिंजरे आणि मांडीवरचे बिबटे बघतो. तिथलं मोठं काम मला वाटतं शिकाऱ्याच्या बाबतीत झालं. ज्याला पिल्लू म्हणजे एक घास वाटत होता तो माणूस ते पिल्लू जिवंत घेऊन कित्येक कोस चालत यायला लागला. पुनर्वसन प्राण्याचं करायचं असेल तर प्राण्याशेजारी राहणाऱ्या माणसाला आधी त्यात घ्यावं लागतं. बहिणीच्या क्षेत्रात ही गोष्ट सगळ्यांना पटते आणि तिच्यासाठी पैसा मात्र सगळ्यात कमी ठेवला जातो.

हाताने वाढवलेलं जनावर जंगलात कधीच जात नाही असंही नाही. कान्ह्यात आई मेलेल्या दोन वाघिणी मोठ्या कुंपणात वाढवल्या, माणसाचा संबंध जमेल तितका तोडला, शिकार करायला शिकू दिलं आणि २०११ मध्ये त्यांना पन्नाच्या जंगलात सोडलं. त्या टिकल्या, त्यांना पिल्लं झाली. पण पन्नामध्ये २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, जागा मोकळी होती. जुन्नरला बिबट्यासाठी मोकळी जागा कुठून आणायची? इथल्या प्रत्येक ओढ्याला आधीच एक राहणारा आहे.

आत्या : मला पुनर्वसन नको. मला बिबट्या नको. सगळे धरा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. घाटात सोडा, कोकणात सोडा. आमच्या उसात त्यांचं काय आहे?

बहीण : हे करून झालंय, आत्या. याच तालुक्यात. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले. त्याआधीची आठ वर्षं जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. सोडायला लागल्यावर ते वर्षाला १७ झाले. जीव जाण्याचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास छापला आहे. बिबट्याला अनोळखी जागी सोडलं की तो बिथरतो, तिथे आधीपासून असलेल्या बिबट्यांशी भांडतो, घराकडे निघतो. वाटेत माणसंच माणसं.

आत्या : ती वर्षं मला तू सांगू नकोस. तू शाळेत होतीस. त्या उन्हाळ्यांत आम्ही पोरांना अंगणात झोपू दिलं नाही. दिवस मावळला की दारं लावायचो.

बहीण : तेच तर म्हणते मी. त्यातले काही हल्ले आपणच ओढवून घेतले.

आत्या : ‘आपण’ कोण? मी तर पिंजरा लावला नव्हता.

यावर बहिणीकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, असायलाही नको. वाचवणं, पकडणं, सोडणं हे निर्णय कागदावर होतात आणि त्यांचं फळ वस्तीवर भोगावं लागतं. शिरूरच्या गावांतल्या बायका अलीकडे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाताना फोटोंत दिसल्या. ओणवं बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, आणि खुरपणं तर ओणवं बसूनच होतं. ज्या बाईला पोटासाठी असं बसावं लागतं, तिला प्राण्याच्या पुनर्वसनाचं कौतुक ऐकवायला जाणाऱ्याने आधी तो पट्टा डोळ्यांसमोर आणावा.

आत्या : आणि तुमच्या त्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचं काय? मी बघून आले एकदा. एक बिबट्या तीन पायांवर होता. पायऱ्या चढेना नीट. पंधरा पंधरा वर्षं अशी कोंडून ठेवायची, रोज मांस घालायचं, ही कसली दया? एक सुई द्या आणि सोडवा त्याला.

बहीण : पाय कशाने गेला असेल त्याचा, माहीत आहे तुला? बहुतेक फासकीने. रानडुकराला लावलेली तार. तारेत पाय अडकला की तो ओढत राहतो, तार हाडापर्यंत जाते. माणसाने केलेली जखम आहे ती, आणि नंतर माणूसच म्हणतो, आता तुझं जगणं बरं दिसत नाही, मर.

आत्या : मी बरं दिसत नाही म्हणाले नाही. त्याला बरं वाटत नसेल म्हणाले.

बहीण : ते तू बरोबर बोललीस. माझं मत सांगते, माझ्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ते पटत नाही. दुखणं असेल आणि ते कमी होणार नसेल, तर जनावर शांतपणे जाऊ द्यावं. बिबट्याच्या बाबतीत त्याला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. पण तीन पायांचा बिबट्या खातो, उन्हात पडतो, झाडाच्या फळीवर चढतो. त्याला दुखत नसेल तर केवळ आपल्याला बघवत नाही म्हणून त्याला मारायचं, हे मला मान्य नाही.

आत्या : आणि जागा? एक म्हातारा तिथे बसलाय म्हणून दुसऱ्या जखमी जनावराला जागा नाही, तेव्हा?

बहीण : तेव्हा मला झोप लागत नाही.

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग तिने स्वतःहून एक जुनी गोष्ट सांगितली. लहानपणी कुळथाच्या शेतात तिला सशाचं पिल्लू सापडलं होतं. कापसात ठेवलं, चमच्याने दूध घातलं, दोन दिवसांत मेलं. आई रागावली नाही, पण तिला अजून आठवतं. बहिणीने सांगितलं की सशीण पिल्लाजवळ बसूनच राहत नाही. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी, बहुतेक अंधार पडल्यावर, येऊन पाजून जाते. पिल्लू एकटं असणं हीच त्याची राखण असते, कारण आईचा वास तिथे रेंगाळत नाही. हरणाच्या पाडसाचंही असंच आहे, आणि हरणाला तर नुसतं धरलं तरी भीतीने स्नायू निकामी होऊन ते मरू शकतं. आत्या म्हणाली, “हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी उचललंच नसतं.” तिच्या गावाच्या शाळेत हे आजही कुणी सांगत नाही.

आत्या : आता माझं ऐक. तू म्हणालीस, तोड थांबवा. मी थांबवली. त्या दिवशी टोळी बसून राहिली. बीडची माणसं, लेकराबाळांसकट आलेली. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना टनावर फेडायची असते. एक दिवस बुडाला तर त्यांचा बुडतो, मुकादमाचा नाही. तोडलेला ऊस शेतात पडून वाळला, वजन घटलं. कारखान्याची गाडी रिकामी परत गेली आणि पुढची पाळी लांबली. तुम्ही पिल्लांचा व्हिडिओ टाकला, लाखो लोकांनी बघितला, आई पिल्लाला नेताना. चांगलं वाटलं मलाही. पण त्यात माझ्या फडाचं, त्या टोळीचं नाव कुठे होतं? भरपाई तर लांबच राहिली.

बहीण : नव्हतं. खरं आहे.

आत्या : शेळी मेली तर अर्ज करता येतो. माणूस मेलं तरी करता येतो. पिल्लू वाचवलं तर काय मिळतं?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हा प्रश्न. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, आणि या कोरड्या पट्ट्यात बारमाही पाणी आलं. पाण्यामागे ऊस आला, उसात आडोसा आला, वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या आल्या, आणि बिबट्या आला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. तेवढ्या काळात मादी त्यात विते, पिल्लं वाढवते. ती पिढ्यान् पिढ्या उसातच जन्मलेली आहे, तिला दुसरं ‘जंगल’ माहीत नाही. मग तिच्या पिल्लाचा पहिला वाचवणारा ऊसतोड मजूर असतो, दुसरा शेतकरी. डॉक्टर तिसऱ्या क्रमांकावर येतो. पहिल्या दोघांनी कोयता थांबवला नाही तर तिसऱ्याला काही करता येत नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये आंबेगाव तालुक्यात उसाला आग लावली गेली आणि आत बिबट्याची पाच पिल्लं जळून मेली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पेटवण्याआधी फड बघायचा, हे कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं, एवढंच.

बहीण : विहिरींचंही सांगायला हवं. दर वर्षी विहिरीत पडलेले बिबटे काढायला आम्ही जातो. बाज सोडायची, पिंजरा सोडायचा, वर हजार माणसं ओरडत असतात. टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये असाच एक म्हातारा नर विहिरीतून काढला, गळ्यात माग काढणारा पट्टा घालून माळशेजला सोडला. तो सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी गेला. त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणायचे, सिनेमा निघाला त्याच्यावर. २०११ मध्ये तो महामार्गावर गाडीखाली मेला. सगळी वाट त्याने माणसाला न दुखवता कापली होती. विहिरीला कठडा असता तर हे काहीच करावं लागलं नसतं.

आत्या : कठडा मीही बांधीन. सिमेंटची गोणी कितीला मिळते ते माहीत आहे का? आणि कठडा बांधून झाला तरी मला रात्री शेतात जावं लागणारच. मोटारीची वीज रात्रीची देतात. दिवसा द्या, मी रात्री घराबाहेर पाऊल टाकणार नाही. बिबट्या त्याचा फिरू दे.

बहीण : हे तू एकदा लिहून दे. मी बैठकांना जाते तिथे औषधं, पिंजरे, बेशुद्ध करायच्या बंदुका यांवर तासन् तास बोलतात. दिवसाच्या विजेवर कुणी बोलत नाही. रात्री पाणी द्यायला जाणारं माणूस कमी झालं की हल्ले कमी होतील, हल्ले कमी झाले की पिंजरे कमी लागतील. माझं अर्धं काम त्यानेच संपेल.

मग मला वही आणायला सांगितली. तीन मागण्या ठरल्या : पिल्लं सापडल्यामुळे तोड थांबली तर टोळीची त्या दिवसाची मजुरी आणि शेतकऱ्याच्या उसाची घट सरकारने भरून द्यावी, उघड्या विहिरींच्या कठड्यांना अनुदान मिळावं, शेतीची वीज दिवसा मिळावी. चौथी मागणी आत्याची होती : वस्तीजवळच्या ओढ्याला कायमचा एक पिंजरा. बहीण म्हणाली, पिंजरा कायम लावून ठेवला की जो येईल तो अडकेल, निरुपद्रवी जनावर जाईल, त्याच्या जागी दुसरं अनोळखी येईल; ज्याने हल्ला केला तोच धरायचा असेल तर तेव्हाच पिंजरा लावावा. आत्या म्हणाली, हल्ला होईपर्यंत थांबायचं ते कुणाच्या नातवाच्या जिवावर?

दोघी त्यावर तासभर भांडल्या. शेवटी मी आत्याचा अर्ज चारही मागण्यांसह लिहिला, तिने अंगठ्याऐवजी अभिमानाने सही केली. बहिणीने पहिल्या तीन मागण्यांचा वेगळा कागद केला आणि त्यावर डॉक्टर म्हणून शिक्का मारला. दोन्ही कागद एकाच पाकिटात घातले.